आपला सौम्य आहे

माझा धाकटा भाऊ दुखण्यानं विव्हळायला लागला की आई तव्यावर मीठ भाजायची. जुन्या लुगड्याच्या फडक्यात ते बांधून त्याच्या गुडघ्यावर, कोपरावर, पाठीवर धरायची. बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी ओढायचे. दिवसभर गाडी ओढून आलेला माणूस संध्याकाळी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहायचा. कोणी वात म्हणे, कोणी म्हणे वाढीचं वय आहे, दुखतेच. एका मांत्रिकानं आमच्या दारात लिंबंसुद्धा पुरली. मी एका हातानं त्याचा पाय दाबत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून बारावी केली.

त्याला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात, हे तो सातवीत असताना मोठ्या सरकारी दवाखान्यात कळलं. मी मग रक्तच शिकायचं ठरवलं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एमएस्सी झाले, आणि सिकलसेलवरच्या एका संशोधनात नोकरी लागली. हे मी तोऱ्यातच सांगते. तोरा होताच.

काम असं होतं की आपल्याकडच्या रुग्णांची तुलना आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी आणि त्यांच्या शेजाऱ्यांशी करायची. बांटू ही जात नाही, भाषांचं एक मोठं कुळ आहे. शेती घेऊन ती माणसं अर्ध्या खंडभर सरकत गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषा पसरल्या, रक्तातला हा दोषही पसरला. सिकलसेलच्या एका प्रकाराला त्या कुळाचंच नाव आहे. आपल्याकडचा प्रकार निराळा. म्हणून आम्ही खेड्यांत जाऊन रक्त घ्यायचो आणि विचारायचो, घरात कोणती भाषा बोलता, आजी कोणती बोलायची. गोंडी बोलणारी म्हातारी माणसं आधी सुनेकडे बघायची, मग म्हणायची, मराठी लिवा.

लेखांत मला एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं. आपल्याकडच्या प्रकारात जन्माआधीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे बांटू प्रकारापेक्षा हा आजार सौम्य. मी ते घरी नेलं. भाकरी थापता थापता आई ऐकत होती.

"म्हणजे कमी हाय का आपला?"

"सौम्य आहे आई. शास्त्रात सिद्ध झालंय."

बाबांनी शेजारच्या चार घरांत सांगितलं. आमच्या पोरीनं पुस्तकात पाह्यलं म्हणून.

त्याच वर्षी भावाला कळमेश्वरच्या एका कारखान्यात काम मिळालं. आठ तास उभं राहायचं, भट्टीजवळ. त्यानं मला विचारलं, "ताई, जाऊ का वं? डॉक्टरले विचारू का?"

"काहून? मी आहे ना. जा. पाणी पीत जा."

डॉक्टरला कोणीच विचारलं नाही. घरात शिकलेलं माणूस असताना रांगेत कोण उभं राहतं? मी त्यांची डॉक्टर नव्हते, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावणारी होते. पण आमच्या घरात हा फरक कुणाला माहीत नव्हता. मला होता. तरी मी तो सांगितला नाही.

दोन उन्हाळे त्यानं काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात तो फोनवर म्हणाला, "मांडीच्या वर ठणकून राहिलं ताई, लंगडावं लागून राहिलं." मी प्रयोगशाळेत होते, घाईत होते. म्हटलं, गोळी घे, आपला सौम्य आहे.

त्या पावसाळ्यात पूर्व आफ्रिकेतल्या एक संशोधक बाई आमच्याकडे आल्या. त्यांची मातृभाषा बांटू कुळातली. मी हौसेनं त्यांना घरी जेवायला नेलं. आईनं मला दुभाषी केलं. "इचार ना वं, त्यांच्याकडे लेकरू रडते तवा माय काय करते?"

बाई म्हणाल्या, फडकं गरम करून धरते. आईनं त्यांचा हातच धरला.

एवढ्यात सुटीवर घरी आलेला भाऊ भिंतीला धरून आतून आला. बाई त्याच्या चालण्याकडे बघत राहिल्या. खुब्याचा एक्सरे कधी काढला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमचा प्रकार सौम्य असतो.

"कोणापेक्षा?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या गावाकडची कितीतरी मुलं शाळेत जायच्या आधीच दगावतात. तुमचा भाऊ त्यांच्यापेक्षा जास्त जगला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याला दुखत नाही, असा नाही."

"काय म्हणून राहिल्या वं त्या?" आईनं विचारलं.

"फोटो काढा म्हणतात," मी म्हटलं. बाकीचं मी भाषांतर केलं नाही.

एक्सरेमध्ये खुब्याचा गोळा चपटा झालेला होता. रक्त न पोचल्यानं हाड मेलं होतं. डॉक्टरांनी भावाला विचारलं, "भट्टीचं काम करू नये, लंगडायला लागलं की लगेच यावं, हे कोणी सांगितलं नाही तुला?"

मी त्याच्या मागेच उभी होते.

"नाई साहेब," तो म्हणाला. "कोणीच नाई सांगितलं."

बाहेर आल्यावर मी बोलायला गेले, तर त्यानं हात वर केला. "राहू दे ताई. तू का मुद्दाम केलं?" मुद्दाम केलं असतं तर तो भांडला तरी असता.

आता तो दारातल्या खुर्चीवर बसून असतो. सांधा बदलायचं ऑपरेशन दरवेळी काही ना काही कारणानं पुढे जातं. चहा फिका झाला की हाक मारतो, "ताई, आज चाय सौम्य झाला गड्या!" बाबा हसतात. माझ्या त्या शब्दानं काय झालं, हे त्यांना अजून माहीत नाही. आईला मी सगळं सांगितलं. ती उठून मीठ भाजायला लागली. त्या दिवशी त्याला दुखतही नव्हतं.

रुग्णांना वाटायचं माहितीपत्रक आमच्या प्रकल्पात मीच लिहिलं होतं. त्यात तेच वाक्य होतं. किती घरांत ते गेलं, त्या घरांतली कोणती पोरं कोणत्या भट्टीपुढे उभी राहिली, हे मला कधीच कळणार नाही. ते वाक्य काढावं म्हणून मी वर्षभर वरिष्ठांच्या मागे लागले. शास्त्राच्या दृष्टीनं ते चूक नाही, असं ते म्हणायचे. शेवटी मी भावाचा एक्सरेच बैठकीत टेबलावर ठेवला.

नव्या पत्रकात ते वाक्य नाही. तिथं पाणी, ऊन, उभ्यानं करायची कामं आणि खुब्याचा एक्सरे यांबद्दल चार ओळी छापल्या आहेत, मराठीत आणि गोंडीत.