आईच्या नावावरचा मंडप

आमच्याकडं चांगलं काही घ्यायचं तर ते आईच्या नावावर. माणमधून मलकापूरला आलो तेव्हा तिनं शेळ्या विकून पहिल्या ताडपत्र्या घेतल्या आणि आमचा मंडपाचा धंदा उभा राहिला. तिचा हातगुणच चांगला, असं आम्ही दोघं भाऊ मानायचो. मग गोदाम तिच्या नावावर, टेम्पो तिच्या नावावर, घर तिच्या नावावर आणि धंद्याची मालकीणही तीच. कर सल्लागार एकदा थोरल्याला म्हणाले होते, "धंद्याची वेगळी कंपनी करून घ्या. उद्या काही बिनसलं तर कंपनीचं जाईल, घर तरी वाचेल." थोरला हसला. "आवं, आईपरीस मोठी कंपनी कुठली हाय?" मीही हसलो, मला ते मनापासून पटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात वावटळ आली आणि आमची कमान एका वाढप्याच्या पायावर कोसळली. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. विमा होता तो फक्त टेम्पोचा. त्याच्या घरच्यांनी भरपाईचा दावा लावला. त्यांचं तरी काय चुकलं? पण दाव्यात मालक म्हणून नाव एकट्या आईचं. तिनं त्या लग्नाचं ठिकाणसुद्धा पाहिलं नव्हतं.

कराडच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं, कायद्याला तुमचा धंदा आणि तुमची आई एकच. निकाल विरोधात गेला तर घरावरही जप्ती येऊ शकते.

"मग घर आजच माझ्या नावावर करतो," मी तावातावानं म्हणालो.

"आता हलवलंत तर कोर्ट म्हणेल, भरपाई बुडवायला हलवलं. ते टिकायचं नाही."

मला भयंकर संताप आला, पण रागवावं असा कुणी समोर नव्हता. मायेनं जे जे केलं तेच अंगाशी आलं होतं.

घरी पोचलो तेव्हा आईनं ताटं वाढून ठेवली होती. "काय म्हणला वकील?"

"चाललंय," मी म्हणालो.

तिनं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि भाकरी ताटात टाकली. "तुमी कशाला घाबरताय रं? धंद्याचं काय व्हायचं ते हू दे. घर माज्या नावावर हाय न्हवं? मग त्याला कोण हात लावतंय?"

थोरल्याचा घास हातातच राहिला. मग तो खाली बघून म्हणाला, "व्हय आई."