अकरा वाजताची एक रिंग

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

माझा स्वभाव संशयी. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीभर स्टोअर्स सांभाळलं. खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लंपास करणार, असं धरूनच चाललो. रिटायर होऊन अरेरा कॉलनीत घरी बसलो, तेव्हा संशय घ्यायला उरला तो फोन. लोन हवंय का, केवायसी संपलं, पार्सल अडकलंय — एकेकाला झापायचो. शिवाय अनोळखी नंबरांबद्दल शेरे लिहायची एक वेबसाइट सापडली होती. सकाळचा चहा आणि शेरे, असा माझा नेम होता. मराठी मंडळात मला 'फोनवाले काका' म्हणायचे. आवडायचं मला ते — खोटं कशाला बोलू?

तर एका नंबरावरून आठवड्यातून दोनतीनदा, बरोबर अकराला, एक रिंग वाजून फोन कट व्हायचा. एकच रिंग! मी उलट फोन लावला. बाईचा आवाज. मी विचारलं, कोण बोलतंय? त्या म्हणाल्या, तुम्ही कोण? मी नाव का सांगू? आणि अनोळखी पुरुषाला त्यांनी तरी का सांगावं? दोघांनीही नाव न सांगता फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा रिंग. माझी खात्रीच पटली — उलट फोन करायला लावून लुटणारी टोळी.

मी शेरा लिहिला, सगळ्यांना कळावा म्हणून हिंदीत: "फ्रॉड है। एक घंटी देकर काट देते हैं।" इथवर गैरसमज म्हणता येईल. पण त्याला कोणी विचारेना. उलट दोघांनी त्यावर 'उपयोगी नाही' असं दाबलं. माझ्या शेऱ्यावर! मग मी दुसऱ्या नावाने लिहिलं. मग तिसऱ्या. तिसऱ्यात लिहिलं की या बाईने माझ्या म्हाताऱ्या चाचाजींना लुबाडलं, त्या धक्क्याने ते अंथरुणाला खिळलेत. मला चाचाजी नाहीत. कधीच नव्हते. बसल्या बसल्या रचले — आणि वाचता वाचता मलाच त्यांची दया आली. या शेऱ्याला मात्र लोकांनी उचलून धरलं. हळूहळू त्या वेबसाइटचं ॲप असलेल्या सगळ्यांच्या फोनवर तो नंबर लाल अक्षरांत यायला लागला: फ्रॉड.

गणपतीत मंडळाच्या सेक्रेटरींनी एका बाईंना माझ्याकडे आणलं. शुभांगीताई, मूळच्या नागपूरच्या. नवरा सरकारी नोकरीत बदली होऊन इकडे आला आणि इथेच वारला. त्या मिसरोदला राहून ऑर्डरने साध्या पोळ्या, पुरणपोळ्या करतात. पोळ्या झाल्या की गिऱ्हाइकाला एक रिंग देऊन कट करायचं — म्हणजे या, घेऊन जा. सगळ्यांना ठाऊक असलेली खूण. मलाच नव्हती.

"भाऊ, माझा फोन कोणीच नाही उचलत," त्या म्हणाल्या. "ऑर्डरच बंद झाल्या. मी काय वाईट केलं हो कोणाचं?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी बघितलं. 'नेहरू नगरच्या आजी' या नावाखाली माझा नंबर होता. कुठला तरी एक आकडा चुकला असणार. बस, एवढीच ती टोळी.

शेरे तिथल्या तिथे काढता आले असते. पाच मिनिटांचं काम. पण सेक्रेटरी खांद्यावरून बघत होते, आणि मी फोनवाला काका होतो ना! मी म्हणालो, कोणीतरी टवाळखोर असेल, तुम्ही नंबरच बदला.

"कसा बदलू, भाऊ? यांचा नंबर आहे तो. हे गेले तरी मी चालू ठेवला."

आता तरी बोलायचं की नाही? मी म्हणालो, "बदलाच." आणि फोन परत देण्याआधी 'नेहरू नगरच्या आजी' पुसून टाकल्या.

त्यांनी नंबर बदलला. तसं मंडळाच्या ग्रुपवर आलं, मग मी तिन्ही शेरे काढले. आधी नाही. आधी काढले असते तर कोणीतरी माग काढेल, अशी भीती होती. तेव्हाही संशय दुसऱ्यांचाच.

यंदा होळीला बायकोने त्यांच्याकडे पोळ्या सांगितल्या आणि नंबर माझा दिला. अकराला एक रिंग वाजली, कट झाली. नंबर ओळखला असेल का त्यांनी? मुद्दाम तर बोलावत नसतील? मिसरोदपर्यंत हेच डोक्यात.

त्यांनी डबा दिला. वर चार पोळ्या जास्तीच्या घातल्या. म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून सुटले, भाऊ. नाहीतर मी तर यांचाच नंबर धरून बसली असती."

मी डबा घेऊन घरी आलो. दुपारी आम्ही जेवलो. त्या चार पोळ्याही मीच खाल्ल्या.