पुष्पाला घेऊन सौंसरच्या मेळाव्याला

डिसेंबर लागला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेळाव्याची हाक येते. मी नाशिकहून एकटीच जाते, सगळ्यांना भेटते आणि पिशवीभर संत्री घेऊन परत येते. या वेळी मात्र मनाशी ठरवलं होतं, पुष्पाला घेतल्याशिवाय सौंसरला जायचं नाही.

पुष्पा आणि मी होस्टेलात एका खोलीत राहायचो. मी रामाकोन्याची, ती पांढुर्ण्याची. सौंसरच्या बाहेर, कापसाच्या शेतांना लागून आमचं छोटंसं मिशन कॉलेज. दोघींनी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि तिच्या वडिलांनी तिला घरी नेलं. त्यानंतर मी तिला पाहिलं ते थेट हळद लागलेली. आता ती पन्नाशी ओलांडलेली सासूबाई आहे, पांढुर्ण्याजवळ संत्र्याच्या बागेत राहते. मेळाव्याचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मी कायची माजी विद्यार्थी वं? मी तं अर्ध्यातूनच उठून गेली."

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नाशिकहून रात्रीच्या गाडीने सकाळी नागपूर गाठावं आणि तिथून इटारसीकडे जाणारी गाडी धरावी. सगळ्या गाड्या पांढुर्ण्याला थांबत नाहीत, तेव्हा तिकिटाआधी थांबा बघून घ्या. काटोल, नरखेड मागे पडलं की महाराष्ट्र संपून राज्य बदलतं. पण ते कळतं फक्त स्टेशनच्या पाट्यांवरून. डब्यातली भाषा तीच राहते. माझ्यासमोरच्या दोघी बाया नरखेडच्या आधीपासून एका लग्नातल्या भाजीला नावं ठेवत होत्या, त्या पांढुर्णा आलं तरी त्याच भाजीवर होत्या.

स्टेशनवर पुष्पा आणि तिचे यजमान दिवाकरभाऊ जुनी जीप घेऊन आले होते. आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या संत्र्यांची, तोड संपत आलेली, तरी बागेत अजून झाडांच्या खालच्या फांद्यांना फळं लोंबत होती. थंडी चांगलीच होती. शाल घेऊन जा, नाशिकच्या थंडीवर विसंबू नका. जेवायला तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि ज्वारीची भाकर. वाढता वाढता पुष्पाची सून रूपाली म्हणाली, "मावशी, आईले घेऊनच जा उद्या. महिनाभर झाला, साडी काढून ठेवली आहे. म्हणते, जायचं नाही."

"तू चूप बस," पुष्पा म्हणाली. पण ती लाजली होती.

दिवाकरभाऊ मान खाली घालून जेवत होते. "जा ना. एक दिवसाची तं गोष्ट आहे," एवढंच म्हणाले.

सकाळी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर तर्रीपोहे खाऊन आम्ही निघालो. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं, इथे एस.टी. नाही. बस खाजगी असते, वेळेपेक्षा प्रवाशांवर सुटते आणि कंडक्टर नुसता हॉर्न ऐकून कोणती गाडी ते ओळखतो. तिकीट अगदी परवडणारं आहे. खिडकीची जागा मात्र डावीकडची पकडा, उन्हं लागत नाहीत. वेचणी सरत आलेला कापूस, मधूनच हिरव्यागार बागा आणि जामसावळीच्या फाट्यावर उतरणारी मारुतीच्या भक्तांची गर्दी. पुष्पा सारखी पदर सारखा करत होती. फाटा मागे गेला तसा तिने माझा हात धरला.

"मधुरी, थे वर बोलावतात ना? नाव, बॅच, काय करून राहिले ते सांगा म्हणून? मी नाही जाणार. मी मागंच बसीन."

"बस मागं. मीही तिथंच बसते."

आमचं कॉलेज बघायला म्हणून कोणी सौंसरला येणार नाही. कौलारू ऑफिस, दोन बैठ्या इमारती, एक पिवळसर चर्च आणि चिंचेखाली सिमेंटचे बाक. नाताळ नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे कागदी चांदण्या अजून वऱ्हांड्यात टांगलेल्या होत्या. विद्यार्थी आम्ही बहुतेक हिंदू नाहीतर बौद्ध घरांतले. आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची आणि होस्टेलात सकाळची प्रार्थना, दोन्हीकडे मी सारख्याच बेसूर आवाजात गायचे. कोणी कधी थांबवलं नाही. बेसूर म्हणूनही नाही आणि परकी म्हणूनही नाही. त्या कॉलेजबद्दल कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

मेळावा मैदानात होता. आधी छोटी प्रार्थना झाली, मग पेटीवर दोन गाणी. पेटी वाजवायला पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक सीनियर बसले होते आणि पट्टी त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही. त्यामुळे सगळे मोठ्याने गायले. पुढच्या रांगेत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन साळवे सर बसले होते. सर मूळचे जालन्याकडचे. आम्हाला मराठी शिकवायला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतरही ते चर्चमागच्या छोट्या घरात राहतात. आता चालायला काठी लागते, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

ओळखी सुरू झाल्या. कोणी तहसील ऑफिसात, कोणी लोधीखेड्याच्या शाळेत, कोणी "घरीच असते" असं म्हणून पटकन खाली उतरत होतं. माझं झाल्यावर नंदाने माइक घेतला. नंदा आमची ज्युनियर, आता कॉलेजची प्राचार्य. तिने मागे बघितलं आणि ओरडली, "पुष्पाताई! तुम्ही आल्या? या, या वर!"

पुष्पा उठली ती मला वाटलं पळून जाण्यासाठी. पण ती जागेवरच उभी राहिली. माइकशिवाय म्हणाली, "मी पास नाही झाली. दोन वर्षं शिकली अन् लगन झालं. मी आपली मधुरीसंगं आली."

कोणी हसलं नाही. साळवे सरांनी खुर्चीतूनच मान वळवायचा प्रयत्न केला. "कोण? पांढुर्ण्याची पुष्पा? इकडे ये. मला वळता येत नाही."

ती पुढे गेली, सरांच्या पायाशी वाकली. मीही मागोमाग गेले. सर म्हणाले, "तू गेलीस त्याच आठवड्यात मी तुमच्या घरी आलो होतो. वडिलांना म्हणालो, लग्न खुशाल करा, पण परीक्षेपुरतं पाठवा. मी स्वतः नेतो, स्वतः आणून सोडतो. फार भला माणूस. मला चहा पाजला, संत्री दिली आणि बसमध्ये बसवून दिलं. तू मामाकडे गेलीस म्हणाले."

पुष्पा बघतच राहिली. "सर, मले कोणीच नाही सांगतलं."

"मला वाटलं, तूच नको म्हणालीस."

"अन् मी समजत होती, मी गेली तं इथं कोणाले काही फरकच नाही पडला."

ती तिथेच, सरांच्या खुर्चीशेजारी गवतावर बसली आणि रडली. सरांनी घोंगडीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. कार्यक्रम पुढे चालू झाला. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती मला म्हणाली, "बाबा गेले आता. भांडू कोणासंगं?"

जेवणाआधी नंदा पुन्हा बोलायला उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. मराठीला मुलं येत नाहीत, पुढच्या सत्रात नावं आली नाहीत तर विषय बंद ठेवावा लागेल, असं तिने सरळ सांगितलं. मैदानात कुजबुज झाली. कोणी म्हणालं वर्गणी काढू, कोणी म्हणालं वरपर्यंत निवेदन देऊ. नंदा म्हणाली, "मला पोरं पाहिजेत. निवेदनाला हजेरी लागत नाही."

"मॅडम," गवतावरून आवाज आला, "वयाची अट आहे का?"

नंदाने आधी थट्टा समजून हसू आणलं, मग ते आवरलं. "नाही ना पुष्पाताई. पण मागची वर्षं आता धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून."

"चालते."

"भावनेच्या भरात बोलू नकोस," साळवे सर म्हणाले. "रोज यावं लागतं. घरी विचार. मग बोल."

पंगत चिंचेखाली बसली. इथली रीत अशी की जुने विद्यार्थी वाढतात आणि शिकवणारे आधी जेवतात. वरणभात, वांग्याची तर्रीदार भाजी, बुंदी आणि नाताळातला उरलेला केक. पुष्पा पदर खोचून भात वाढत होती. दोन वेळा तिने सरांच्या पानाजवळ थांबून काहीतरी विचारलं आणि सर काहीतरी समजावत राहिले. तोपर्यंत त्यांचा भात गार झाला.

घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्याही आधी पुष्पाने दिवाकरभाऊंना सांगून टाकलं. ते अंगणात संत्र्यांच्या पेट्यांना खिळे मारत होते.

"रोज?" ते म्हणाले. "सौंसरले? अन् तोडीच्या टायमाले कोण पाहीन?"

"तोडीच्या टायमाले सुट्टी काढीन. कॉलेज आहे थे, जेल नाही."

"लोकं हासतीन पुष्पे."

"तुम्ही हासून राहिले का?"

भाऊ हसत नव्हते. तेवढ्यात रूपाली दारात येऊन उभी राहिली. "आई, सकाळचा डबा मी करीन. पण मंग माह्या शिवणाच्या क्लासले तुम्ही नाही म्हणायचं नाही."

पुष्पाने तिच्याकडे बघितलं. हा क्लास पुष्पानेच दिवाळीपासून अडवून धरला होता, हे मला नंतर रूपालीने सांगितलं. मग पुष्पा म्हणाली, "जा. सोमवारपासूनच जा."

भाऊंनी हातोडा उचलला आणि पुढच्या पेटीकडे वळले. होकार मी तरी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी पकडली, तिथून नाशिक. संत्री आठवडाभरात संपली. माझ्या डोक्यात मात्र सरांची ती एक खेप राहिली. एक माणूस विचारायला गेला होता, एवढंच पुष्पाला कळलं आणि इतक्या वर्षांचं तिचं अवघडलेपण गवतावर बसल्याबसल्या वाहून गेलं. सर गेले होते हे आम्हा मैत्रिणींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी मिरवलंही नाही. मेळाव्याला जाऊन काय मिळतं, असं मला घरचे दरवर्षी विचारतात. आता ही गोष्ट सांगते.

जुलैत नंदाचा मेसेज आला. मराठी या वर्षी चालू राहिली. पुष्पाने स्वतःचं नाव घातलंच, शिवाय पांढुर्ण्याच्या दोन पोरींच्या घरी जाऊन, आईबापांशी हुज्जत घालून त्यांनाही आणलं. पुढच्या वर्षीचं अजून कोणालाच माहीत नाही. पहिल्या दिवशी बसस्टँडवर सोडायला दिवाकरभाऊ जीप घेऊन आले होते. बस हलेपर्यंत थांबले.

परवा संध्याकाळी पुष्पाचा फोन आला. आवाज चढलेला.

"मधे, काय मॅडम आहे वं ती नवीन! पोरींसमोर मले उभं केलं आज. निबंध नाही आणला म्हणून. म्हणते, वय असन तुमचं, पण निबंध सगळ्यांनाच आहे. तास संपेपर्यंत उभी होती मी!"

"मग?"

"मंग काय मंग," ती म्हणाली आणि खदखदून हसायला लागली. "तिले कोणी सांगू नका म्हणा, मी सासू आहे म्हणून. ठेवू का आता? निबंध लिहायचा आहे."