केनवडचे पांढरे पट्टे

पांढऱ्या पट्ट्यावर एक पाय ठेवायचा आणि ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, ही ताईची रस्ता ओलांडायची रीत. सत्तरच्या सुमाराला आम्ही दोघी लंडनच्या एका इस्पितळात नर्स होतो. मी वाशीमची, ती केनवडच्या बौद्धवस्तीतली.

आम्ही बाकीच्या जणी दुकानांच्या काचा बघायचो, ही रस्ते बघायची. पट्ट्यांशेजारचा खांब, त्यावर उघडझाप करणारा नारिंगी दिवा. सुटीच्या दिवशी उगाचच या काठावरून त्या काठावर ये-जा करायची. मी थंडीनं काकडत म्हणायची, "ताई, चल ना आता!"

"थांब वं. पाय ठेवला का गाडी थांबते. कोन आहेस, कोनाची आहेस, काई इचारत नाई."

केनवडात पाटलाची बैलांची दमणी आली की तिच्या आईला मान खाली घालून काठाला उभं राहावं लागे. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही दात-ओठ खात.

परदेशातून घड्याळ, ट्रान्झिस्टर आणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही बया पट्टे घेऊन आली. ती केनवडच्या दवाखान्यात नोकरीला लागल्यावर मी वाशीमहून तिला भेटायला गेले, तर वस्तीतून बाजाराकडे जायच्या वाटेवर ही चुन्याची बादली घेऊन ओणवी! गाव हसत होतं. तेवढ्यात पाटलाची दमणी आली. पट्टे पाहून बैल बुजले ते जागचे हलेनात.

"बैलाले समजलं, पाटील. तुमाले कधी समजन?"

"पुस ते! रस्ता तुह्या बापाचा आहे काय?"

"नाई. तुमच्याबी बापाचा नाई."

त्यानंतर पट्ट्यांवर कुणीतरी शेण सारवायचं आणि ताई पुन्हा चुना कालवायची. मी म्हटलं, सोड आता. "काहून सोडू?" एवढंच म्हणाली.

ताई आज नाही. तिची आठवण आली की मला पाटलाच्या मुलाची नवी जीप दिसते. त्या दिवशी आम्ही तिच्या म्हाताऱ्या आईला बाजारात नेत होतो. जीप हॉर्न देत आली. ताई पट्ट्यावर उभी राहिली, ती हललीच नाही. अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक लागले.

म्हातारी निघाली आणि मधोमध थांबली. कमरेची चंची काढून तळहातावर तंबाखू मळू लागली. जीप घुरघुरत होती. "आजी, चला ना," मी घाबरून म्हणाले.

"मळू दे तिले," ताई म्हणाली. "माय जिंदगीभर थांबली त्याहिच्यासाठी. थांबन तो जरासा."

म्हातारीनं तंबाखू दाढेखाली सारली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.