न सांगता कळतं

कोकिळावहिनी दिवेआगरात आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. लग्नानंतरची वीस वर्षं या बाईनं मान वर करूनच काढली. त्यांचे यजमान रघूदादा पोफळीच्या शेंड्यावर, झोका घेत या झाडावरून त्या झाडावर जाणार. वहिनी खाली गोणपाट घेऊन उभ्या. माणूस वर असताना खालून हाक मारायची नाही, ही वाडीची रीत. लक्ष ढळलं की हात सुटतो. तरी सुपारीचा घड कुठे पडणार ते वहिनींना बरोबर कळायचं, आणि दादांना तहान लागली की तांब्या बुंध्याशी तयार. कवडसे हलत असायचे, पलीकडे समुद्राची गाज, आणि दोघांत एक शब्द नाही. लहानपणी मी कुंपणाशी तासन्‌तास बघत बसायचे. प्रेम म्हणजे हेच, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

२०२०च्या वादळात सगळ्या पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं अजून फळली नाहीत. शेवटी दादांनी पनवेलला गोदामात नोकरी धरली. सोमवारी निघायचं ठरलं.

त्याच आठवड्यात मी कॉलेजची प्रश्नावली घेऊन त्यांच्याकडे गेले. प्रेमाबद्दलच्या समजुती मोजायच्या होत्या. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. नवराबायकोला वेगवेगळं विचारायचं असतं, पण वहिनींनी चहा टाकला, दादाही ओटीवर येऊन टेकले, आणि माझी शिस्त मोडली.

"खरं प्रेम असेल तर मनातलं न सांगता कळतं," मी वाचलं.

"पाच," वहिनी लगेच म्हणाल्या.

"माझे पन पाच," दादा हसले. "आता बघ जागृती, मी पनवेलला चाललोय. ही एका शब्दानं नको म्हनली न्हाय. मी जावं असंच हिच्या मनात हाय. कळलं मला."

वहिनींचा हात बशीवरच थांबला. आपल्या मनातलं दादांना आपोआप कळेल म्हणून ही बाई महिनाभर गप्प होती! मला दोघांचाही असा राग आला की कागद फाडून टाकावासा वाटला. चहावर साय धरली. वाडीतला उजेड हळूहळू पिवळा होत गेला.

"माझे पाच खोडून टाक," वहिनी मला म्हणाल्या. मग दादांकडे वळल्या. "अहो, जाऊ नका. मला न्हाय राहवायचं तुमच्याबिगर."

दादांनी कप बाजूला सारला.

"आनि खायचं काय, कोकिळा?"

"ते मला ठाव न्हाय," वहिनी म्हणाल्या. "बसा. बोलूया."