उरलेलं खाद्य आणि आक्कांची तागडी

“डॉक्टर, तुमचं खाद्य पिल्लं खाईनात बघा.”

निपाणीजवळच्या कोंबड्यांच्या शेडच्या दारातच मालकीणबाई आक्कांनी मला गाठलं. आत भांड्यांत बरंच खाद्य तसंच पडलेलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बेळगावच्या एका फीड मिलमध्ये, म्हणजे कोंबडीखाद्याच्या कारखान्यात, मी व्हेटरनरी डॉक्टर होतो. ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवायची कोंबडी. तिनं लवकर वजन धरावं म्हणून पिल्लांच्या खाद्यात थोडं तेल घालायचं मी ठरवलं. कोवळ्या पिल्लांना चरबीपेक्षा तेल बरं पचतं. शेंगतेल महाग. निपाणीत तंबाखूच्या बियांचं तेल स्वस्त मिळायचं. नशा पानात असते, बियांच्या तेलात नाही. पण हे लोकांना पटेना.

मिलचे साहेब म्हणाले, “करा ट्रायल. पिल्लं मेली तर मिलवर येऊ नका, तिकडूनच घरी जा.”

तयार झाल्या एकट्या आक्का. नवऱ्यामागं दिराचा विरोध पत्करून घातलेली त्यांची ही पहिलीच बॅच. ती बुडाली असती तर शेडला कुलूपच लागलं असतं. अर्ध्या शेडला त्यांनी माझं खाद्य दिलं, अर्ध्याला जुनं.

“जुनं खाद्य बघा, चाटून पुसून संपलंय,” आत उभा असलेला दीर म्हणाला. “हिकडची तंबाखूनं झिंगल्यात. टाका ते उकिरड्यावर.”

पिल्लं तर टुणटुणीत होती. मग डोक्यात उजेड पडला. तेलात ताकद जास्त, त्यामुळं थोडक्यात भूक भागते. म्हणून तर मी खाद्यात प्रोटीनही वाढवलं होतं. नाहीतर पोट भरतं, अंग भरत नाही.

“आक्का, टाकायच्या आधी वजन करू.”

आक्का दिराला म्हणाल्या, “भाऊजी, पिल्लं तुम्हीच धरा. मागनं बोलाय नगो.”

आक्कांनी तागडी टांगली. एका पारड्यात तेलाची पिल्लं, दुसऱ्यात तितकीच जुन्या खाद्याची. तेलाचं पारडं सरळ खाली गेलं. दिरानं पिल्लं बदलून पाहिली. तरी तेच.

आक्कांनी कनवटीची मिसरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी काढली. “पिल्लास्नी बियाचं तेल, मला पान. ज्याला जे पचंल ते,” म्हणाल्या आणि निवांत दात घासायला बसल्या.

खाद्य उकिरड्यावर गेलं असतं तर मागोमाग माझी नोकरीही गेली असती. खाद्य बनवलं मी, पण जीव मुठीत धरून थांबल्या त्या. ते उपकार मी विसरलेलो नाही. पुढं कुणीही “पिल्लं खाईनात” म्हणालं, की मी भांड्यात डोकावत नाही. आधी तागडी मागतो.