ओळखतो म्हणणारा माणूस

पनवेलच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात माझ्या फ्लॅटची नोंदणी होती आणि ओळख पटवायला येणारा मित्र ऐन वेळी आलाच नाही. बाहेरच्या बाकावर आपल्या कामासाठी बसलेल्या एका आगरी म्हाताऱ्याला मी विचारलं, "काका, मला ओळखता म्हणून सही कराल?"

"आदी चा पिऊ. मंग वलखतो बोललो तं खोटं नाय."

टपरीवर त्यांनी सगळं विचारलं. गावाकडच्या आईला इथं आणणार ना, तेही. "आणीन की," मी म्हटलं आणि उत्साहाने माझ्या कामाकडे, ब्लॉकचेनकडे वळलो. त्यात हजारो संगणकांवर एकदा केलेली नोंद कोणालाच बदलता येत नाही, मी सांगितलं. मग ऑफिस नको, साक्षीदार नको.

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "बेस हाय. पन तू खोटा निगालास तं लोकं भांडाया कोनाच्या दारात जातील? आज माज्या येतील."

आत मशीनने माझा अंगठा, चेहरा, सगळं ताडून पाहिलं. माझ्या सह्या झाल्यावर क्लार्कने काकांना विचारलं, "ओळखता यांना?"

"वलखतो तर! बिनसाखरेचा चा पितो. नि आईला या घरात आननार हाय, मला बोललाय."

क्लार्क हसला. मी कशावर सही केली होती, ते मला तेव्हा कळलं.